चार ठोक्यांच्या मधली जागा

सॅक्सोफोन आला म्हणजे जॅझ आला, हा समज प्लेलिस्टवाल्यांनी फार घट्ट रुजवलाय. ‘जॅझ हाउस’ (हाउस म्हणजे क्लबमधलं सरळ ठेक्याचं नाचायचं संगीत) म्हणून जे समोर येतं त्यात बहुतेकदा साचा एकच असतो: १२४ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांचा, सरळ ठेका, दोन कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) लूप आणि त्यावर कुठूनतरी उचललेली सॅक्सची फ्रेज, जी पाच मिनिटांत एकदाही बदलत नाही. कानाला वाईट नाही. काम करताना लावायला ठीकच. पण त्यात जॅझ शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही, कारण जॅझ ज्या दोन ठिकाणी मुरलेला असतो ती दोन्ही ठिकाणं तिथे कुलूपबंद असतात. एक ठिकाण ठोक्यांच्या मध्ये, काही मिलिसेकंदांत. दुसरं कॉर्डच्या आत. दोन्ही उलगडायला वेळ लागतो, आणि डान्स म्युझिक लोकप्रिय झालं की सगळ्यात आधी कात्री लागते ती वेळेलाच.

हाउस आता कोपऱ्यातलं संगीत राहिलेलं नाही. २०२२ मध्ये ड्रेक आणि बियॉन्से या दोघांनीही काही आठवड्यांच्या अंतराने हाउसच्या पायावर उभे असलेले अल्बम काढले. त्याच्या दशकभर आधी ईडीएमने, म्हणजे फेस्टिव्हलवाल्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकने, मैदानंच्या मैदानं भरून दाखवली होती. यात गळा काढण्यासारखं काही नाही. चार सरळ किकची (किक म्हणजे ड्रमचा जड, खालचा ठोका) सवय झालेले कान जितके वाढतील तितके पुढच्या गमतीला गिऱ्हाईक वाढेल. अडचण आहे ती लांबीची. क्लबसाठी निघणाऱ्या बारा इंची रेकॉर्डवर सहा-आठ मिनिटांचा ट्रॅक असायचा आणि सुरुवातीला भरपूर नुसते ड्रम्स, म्हणजे डीजेला आधीच्या ट्रॅकमधून सरकत यायला जागा. १२२ बीपीएमला ३२ बार (एक बार चार ठोक्यांचा) म्हणजे ६३ सेकंद. इकडे स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. मग इंट्रो कापायचा, हुक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, पहिल्या अर्ध्या मिनिटात आणायचा आणि तीन मिनिटांच्या आत गाशा गुंडाळायचा. या हिशेबात सोलोला जागा कुठून येणार? म्हणून रेडिओ एडिट ऐकून एखाद्या ट्रॅकबद्दल मत बनवू नका. त्याच ट्रॅकचं ‘एक्स्टेंडेड’ किंवा ‘ओरिजिनल मिक्स’ शोधा. पुष्कळदा कापलेला भागच ऐकण्यासारखा असतो.

जॅझ आणि डान्स म्युझिकचं हे नातं तसं जुनं आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये निर्माता टिओ मासेरोने टेप कापून सुरुवातीचा भाग शेवटी जसाच्या तसा पुन्हा चिकटवला. कॉपी-पेस्ट म्हणून जॅझवाले नाक मुरडतात ते त्यांच्याच घरात आधी झालंय. शिकागोत १९८६ मध्ये मिस्टर फिंगर्स या नावाने ‘कॅन यू फील इट’ काढणारा लॅरी हर्ड मुळात ड्रमर, आणि ते त्या ट्रॅकच्या संथ, न भांडणाऱ्या बेसलाइनमध्ये कळतं. डेट्रॉइटमध्ये अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नोवाल्यांच्या गटातल्या गॅलक्सी टू गॅलक्सीने १९९३ मध्ये ‘हाय-टेक जॅझ’ केला; तिथे सॅक्स आहे, पण तो शोभेला नाही, पूर्ण ट्रॅक ओढतो.

त्याच शहरातल्या कार्ल क्रेगने १९९२ मध्ये इनरझोन ऑर्केस्ट्रा या नावाने ‘बग इन द बेसबिन’ काढला. ब्रिटनमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान शैलींच्या डीजेंनी ती रेकॉर्ड मिनिटाला ३३ ऐवजी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायला सुरुवात केली. गणित सोपं आहे: वेग ३५ टक्क्यांनी वाढतो आणि सूर पाच सेमिटोनपेक्षा (सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) थोडा जास्त वर चढतो. एरवी अशाने ट्रॅकचं कार्टून होतं. इथे झालं नाही, कारण त्यातला ठेका किकवर तोललेला नाही, सिम्बल (झांज) आणि बेसच्या आपसातल्या बोलण्यावर तोललेला आहे. पुढे १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्राझेंटच्या ‘न्यू फॉर्म्स’ला अल्बमसाठी दिलं जाणारं ब्रिटनचं मर्क्युरी प्राइझ मिळालं तेव्हा त्या वेगात डबल बेस वाजू शकतो हे सगळ्यांना मान्य झालं. लंडनमध्ये फोर हिरो, आयजी कल्चर, बग्झ इन द ॲटिक या मंडळींनी ब्रोकन बीट (सरळ चार किक मोडून मांडलेला ठेका) घडवला, आणि २००० मध्ये सेंट जर्मेनचा ‘टुरिस्ट’ थेट ब्लू नोट या जॅझच्या लेबलवरून आला. मर्क्युरीला मात्र पहिल्यांदा जॅझच्या बँडला बक्षीस द्यायला २०२३ उजाडलं: एझरा कलेक्टिव्ह, आणि त्यांच्या संगीतावर लोक नाचतात.

आता ठोक्यांच्या मधल्या जागेकडे. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक सिक्स्टीन्थ १२५ मिलिसेकंदांची. या सिक्स्टीन्थ दोन-दोनच्या जोडीने धरा, जोडी २५० ची. स्विंग म्हणजे जोडीतला पहिला भाग लांबवायचा आणि दुसरा उशिरा आणायचा. रॉजर लिनने हे १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये टक्केवारीत बसवलं आणि १९८८ च्या एमपीसी-६० या सॅम्पलर-ड्रम मशीनमध्ये तेच पुढे नेलं. ५० टक्के म्हणजे १२५-१२५, अगदी सपाट. ५४ टक्के म्हणजे १३५-११५. ५८ म्हणजे १४५-१०५. ६६ ला जवळजवळ १६५-८५ होतं, म्हणजे ट्रिपलेट (जोडीचे तीन समान भाग), जुन्या शफलचा लंगडा ठेका. ५० आणि ५४ मध्ये फरक फक्त १० मिलिसेकंदांचा. तो कानाने मोजता येत नाही, पण खांद्यांना कळतो. बहुतेक चांगलं हाउस ५३ ते ५८ च्या पट्ट्यात राहतं. ६२ च्या पुढे गेलात की नाचणाऱ्याला ठेक्याचा शहाणपणा जाणवायला लागतो, आणि ते बरं नाही.

खऱ्या ड्रमरचा स्विंग टक्क्यावर थांबत नाही. वेग वाढला की तो आपोआप सरळ होत जातो, आणि एकाच बारमध्ये राइड सिम्बल आणि स्नेअर (कडक, तडकणारा ड्रम) यांचा उशीर सारखा नसतो. सॉफ्टवेअरमधलं ‘ह्यूमनाइझ’ बटण इथेच फसतं. ते प्रत्येक ठोका यादृच्छिकपणे मागेपुढे करतं. ऐकणाऱ्याला त्यात ढिलाई ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. ड्रमरच्या उशिराला शिस्त असते: दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याचा स्नेअर जर १२ मिलिसेकंद मागे असेल तर तो दर बारला साधारण तितकाच मागे असतो. डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला एमपीसीवर ठोके मुद्दाम ग्रिडच्या मागेपुढे टाकायचा, आणि त्याचा वाकडेपणा दर आवर्तनाला त्याच जागी परत यायचा. त्याचं एमपीसी-३००० आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, ते उगाच नाही.

हे स्वतः करून बघायचं असेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये १२२ बीपीएमला १६ घरांचा एक बार घ्या. ब्रोकन बीटचा सांगाडा असा मांडता येतो: किक पहिल्या, चौथ्या आणि अकराव्या घरात, स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात, आठव्या, दहाव्या आणि सोळाव्या घरात स्नेअरचेच हलके ठोके, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात. मुख्य स्नेअरची व्हेलॉसिटी (वाजवण्याचा जोर) ११० ठेवा, घोस्टची २५ ते ४०. बहुतेकांचं इथेच चुकतं, घोस्ट ६०-७० वर ठेवतात आणि बार भरगच्च होऊन बसतो. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सगळ्या घरांत टाका, पण तिसऱ्या आणि सातव्या घरातली काढून टाका. आता ५६ टक्के स्विंग फक्त हॅट आणि घोस्ट यांना द्या. किकला देऊ नका. चौथ्या घरातली किक स्विंगमध्ये गेली की बेसशी तिची गाठ सुटते आणि सगळा ठेका पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. मुख्य स्नेअर १० ते १५ मिलिसेकंद मागे ओढा, हॅटचा सगळा ट्रॅक ४-५ मिलिसेकंद पुढे. हे केल्यावर ड्रम्स एकटे लावून ऐकाल तर विचित्र वाटतील. बेस आल्याशिवाय निकाल देऊ नका.

बेसबद्दल एक. डबल बेसचा सगळ्यात खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, आणि किकचा गाभा साधारण ५० ते ६० हर्ट्झला. दोघे एकाच खोलीत राहतात. मोठ्या आवाजाच्या मुख्य प्रवाहातल्या ट्रॅकमध्ये हे भांडण साइडचेनने सोडवतात: किक आली की बेस दबतो, किक गेली की फुगून वर येतो, आणि तो श्वासासारखा झोका हीच त्या शैलीची ओळख होऊन बसलीय. जॅझकडे झुकलेल्या ट्रॅकमध्ये तेच केलं तर बेस वादकाने स्वरावर जो जोर दिलेला असतो तो पुसला जातो. त्यापेक्षा बेसचे स्वर किकच्या घरांपासून दूर लिहा. साइडचेन लागलाच तर २-३ डेसिबलच्या वर दाबू नका आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा.

कॉर्डच्या आतली गोष्ट मला जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर. डी मायनर नाइन घ्या: डी, एफ, ए, सी, ई. पाच स्वर. हाउस आणि जॅझ दोघांचा हा लाडका रंग. आता हातातून डी काढून टाका आणि तो बेसकडे सोपवा. हातात उरले एफ, ए, सी, ई. हे चार स्वर जागचे हलवू नका, फक्त बेस हलवा. बेस डीवर असताना तो मूळचा डी मायनर नाइन, जरा उदास आणि आरामात बसलेला. बेस जीवर नेला की त्याच चार स्वरांचा जी थर्टीन सस्पेंडेड होतो, कुठेतरी निघाल्यासारखा. बेस बी फ्लॅटवर नेला की तोच हात एकदम उजळतो, कारण वरचा ई आता लिडियन रंगाचा शार्प इलेव्हन (बेसच्या स्वरापासून चढा चौथा) झाला. पियानोवाल्याने बोट उचललं नाही आणि तीन हवामानं झाली. म्हणून चांगल्या ट्रॅकमध्ये ‘एकच कॉर्ड वाजतोय’ असं वाटत असताना कंटाळा येत नाही. बेस सीवर मात्र नेऊ नका. एफ आणि सी मेजरचा ई एकमेकांना बोचतात आणि तिथे ती बोच सुटायला जागा नसते.

मांडणी कुठे करायची हेही महत्त्वाचं. एफ १७५ हर्ट्झचा, तिथून वर ए २२०, सी २६२, ई ३३०. याच्या खाली एक सप्तक उतरलात की चारही स्वर एकमेकांत कालवले जातात आणि मिक्समध्ये चिखल होतो. थोडी धार हवी असेल तर एफ उचलून वरच्या सप्तकात ठेवा: ए, सी, ई, एफ. वरचे दोन स्वर अर्ध्या सुराच्या अंतरावर घासतात आणि तीच ती ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोची ओळखीची चमक. ऱ्होड्समध्ये हातोडी धातूच्या बारीक सळीवर पडते आणि पिकअप तिची थरथर उचलतो. हलकं वाजवलं तर घंटेसारखं, जोरात वाजवलं तर भुंकल्यासारखं. त्यामुळे सगळे स्वर एकाच व्हेलॉसिटीला प्रोग्राम केले की ऱ्होड्सचा जीवच जातो. वरचा स्वर ९० ला, आतले ५५ ते ७० ला, एवढं केलं तरी पुरे.

हाउसमध्ये कॉर्डची आणखी एक रीत आहे, आणि ती शुद्ध यंत्राची देणगी आहे. एखादा मायनर कॉर्ड सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा साठवून कळांवर वाजवणारं यंत्र) घेतला आणि तो वेगवेगळ्या कळांवर वाजवला की आतले सगळे स्वर एकाच अंतराने वरखाली सरकतात. जॅझचा पियानोवादक असं सहसा करत नाही. तो एका कॉर्डमधून दुसऱ्यात जाताना प्रत्येक बोट जवळच्या स्वरावर सरकवतो, दोन बोटं तर जागेवरच राहतात. दोन्ही सुंदर आहेत. पण कुठली रीत चालू आहे हे ओळखायला लागलात की ऐकण्याची मजा दुप्पट होते. डेट्रॉइटचे हाउस निर्माते मूडीमॅन किंवा थिओ पॅरिश ऐकताना या दोन रीती एकाच ट्रॅकमध्ये शेजारी बसलेल्या सापडतात.

ऐकण्याची पद्धत म्हणाल तर फोनच्या स्पीकरवर हे सगळं वाया जातं. त्यातून बेसचा मूळ स्वर बाहेरच येत नाही. कान वरच्या हार्मोनिक्सवरून तो ओळखतो, पण मग बेस हलल्यावर कॉर्डचा रंग बदलला हे कळत नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील. ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळे ट्रॅक सारख्या आवाजाला आणणारी सोय) चालू ठेवा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स हे आवाजाची पातळी मोजण्याचं एकक) सगळं आणून ठेवतं. ते बंद असेल तर दाबून मोठा केलेला फेस्टिव्हल ट्रॅक नेहमी ‘जास्त दमदार’ वाटेल आणि सिम्बलची हवा शिल्लक ठेवलेला ट्रॅक बिचारा मंद. एकाच ट्रॅकला सलग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त हॅट किंवा राइड पकडा आणि तिचा उशीर दर बारला सारखा येतो का बघा. दुसऱ्यांदा बेस गुणगुणत चला. तिसऱ्यांदा एखादी गोष्ट घडल्यावर बाकीचे तिला उत्तर देतात का ते बघा: सोलो चढला तर ड्रम्स बदलतात का, की लूप तसाच ढिम्म? पहिल्या परिच्छेदात सांगितलेली प्लेलिस्ट तिसऱ्या फेरीत नापास होते. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा २०२१ चा ‘प्रॉमिसेस’ याच कसोटीसाठी घ्या. तो नाचायचा अल्बम अजिबात नाही, पण ४६ मिनिटं एक छोटी स्वरमाला परत परत येते आणि सॅक्स दर वेळी तिला वेगळं उत्तर देतो.

डीजेंसाठी हे ट्रॅक म्हणजे डोकेदुखी, आणि ती का होते ते समजलं तर निम्मी जाते. ज्यात ड्रमर खरा बसलाय त्या ट्रॅकचा वेग स्थिर नसतो. सॉफ्टवेअर त्यावर एकच सरळ ग्रिड (ठोक्यांच्या समान अंतरावरच्या रेघा) टाकतं. समजा एक ट्रॅक १२२ वर आहे आणि दुसरा मध्येच १२२.५ वर सरकला. दर ठोक्याला फरक फक्त २ मिलिसेकंदांचा. पण १६ ठोक्यांत, म्हणजे चार बारांत, तो ३२ होतो आणि दोन किक वेगळ्या ऐकू यायला लागतात. आठ बारांत ६४, मग तर घोडे दौडल्यासारखं. दोन ट्रॅक आपोआप जुळवणारं सिंक बटण दाबून हे सुटत नाही, कारण सिंक ग्रिडवर विश्वास ठेवतं आणि ग्रिडच चुकलेलं असतं. तीन उपाय चालतात. ग्रिड लवचिक करून दर आठ बारांना हाताने खुंटी ठोकायची. घरी बसून करायचं काम, वेळखाऊ पण खात्रीचं. किंवा यंत्रावर बनलेल्या, स्थिर वेगाच्या ट्रॅकमधले चार बार लूप करून त्यावर हातानेच दुसरा ट्रॅक सांभाळायचा. किंवा मिक्स आठ बारांत संपवायचा आणि लांब मिक्सचा हट्ट सोडायचा. तिसरा सगळ्यात कमी वापरला जातो, आणि बऱ्याचदा तोच बरोबर असतो.

की, म्हणजे ट्रॅकचा मूळ सूर, जुळवण्यातही सापळा आहे. नाइन्थ आणि थर्टीन्थ असलेले दोन भरगच्च कॉर्ड एकाच कीमध्ये असूनही एकमेकांवर आले तर सात-आठ स्वरांचा गोंधळ होतो. सॉफ्टवेअर हिरवा दिवा दाखवत राहतं. तेव्हा कॉर्डवाला ट्रॅक नेहमी नुसत्या ड्रम्सवर आणा, कॉर्डवर कॉर्ड नको. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू ठेवून वेग चार-पाच टक्क्यांपलीकडे ओढला की ऱ्होड्सची शेपूट थरथरते आणि सिम्बल पाणी ओतल्यासारखे होतात. त्यापेक्षा की-लॉक बंद करून सूर थोडा हलू द्या. आणखी एक: ऱ्होड्सचा डावी-उजवीकडे झुलणारा ट्रेमोलो मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणाऱ्या) सिस्टीमवर जवळजवळ नाहीसा होतो, आणि क्लबच्या सिस्टीम पुष्कळदा मोनोच असतात. घरी ज्या झुलण्यावर फिदा झालात ते तिथे नसेल, हे धरूनच ट्रॅक निवडा.

क्रम लावताना मोकळ्या वेगाचे दोन ट्रॅक लागोपाठ चालतात. तीन झाले की लोक नाचायचे थांबून ऐकायला लागतात, जे वाईट नाही, पण फ्लोर रिकामा होतो. तिसऱ्याच्या जागी नुसत्या ९०९ ड्रम मशीनचा एखादा कोरडा, सरळ ट्रॅक घाला, सोळा बार पायांना विसावा द्या. मग चौथा हवा तितका वाकडा असू द्या.